मंगळवारी मी कोरिया

परळच्या कामगार केंद्रात एकच टेबल होतं,
उजव्या कोपऱ्यात फुगलेलं. तिथे चेंडू पडला
की उठायचाच नाही, रुसल्यासारखा बसायचा.
वैजूने तो कोपरा पाठ केला होता.
पुढे परदेशातल्या सपाट टेबलांवरही
तिचा हात त्या जागी क्षणभर दबकायचा.

पंखा बंद ठेवावा लागे, चेंडू वाहवतो म्हणून.
कॅरमवाले घामाने निथळत शिव्या घालत,
तरी चेंडू स्टुलाखाली गेला की पाय वर घेत.
चेपलेला चेंडू आम्ही चहात बुडवायचो,
उकळत्या, बिनदुधाच्या. पोक निघून
तो पुन्हा गोल व्हायचा, जरा तपकिरी.

मी पाणीखात्यातला मीटर रीडर. डावखुरा.
गिरणी बंद पडल्यावर तिच्या वडलांनी विचारलं होतं,
"पोरीला रोज तासभर द्याल का?"
पैशांचं ते बोलले नाहीत.
मीही नाही.

तिला बाहेरच्यांशी खेळायचं होतं
आणि बाहेरचं कुणी परळला येणार नव्हतं.
म्हणून मीच व्हायचो.
भानुशालीच्या दुकानामागे, रात्री, घासलेल्या कॅसेटी
पुढे-मागे करून शिकलो.
मंगळवारी मी कोरिया: पेन धरावं तशी बॅट, पाय सतत नाचते.
गुरुवारी चीन, मनगटात साप.
शनिवारी स्वीडन: टेबलापासून लांब, लांब हातांचा, निवांत.
माझे हात आखूड. मी वाकून वाकून ते लांब करायचो.
ती सगळं परतवायची,
मागे सरकून, कापून, जाळीला घासून जाईल इतकं खाली.
"पाटणकर, आज तुम्ही कोरिया नाही,
नुसते दमलेले आहात," म्हणायची.
खरंच असायचं ते.

मग ती गेली. शेजारचा स्वेटर, मामांची बॅग.
तिथल्या स्कोअरबोर्डावर घाडीगावकर मावलं नाही,
घाडीपाशीच तुटलं.
तिसऱ्या दिवशी भानुशालीकडे फोन:
"एकवीस-एकोणीस. गेली मॅच.
पण पाटणकर, ती कोरियन अगदी तुमच्यासारखी खेळत होती."
मी रिसीव्हर कानाला लावून उभा.
मागे कुणीतरी अर्धा किलो साखर मागत होतं.

पेपरात क्रिकेटच्या खाली दीड ओळ आली,
वैजयंतीचं विजया करून.

अशी बारा वर्षं. अकरा देश तिने पाहिले,
मी परळमधूनच, तिच्याआधी.
पुढे चेंडू दोन मिलिमीटरने वाढला,
एकविसाचे अकरा झाले.
बचाव करणाऱ्याला वेळ लागतो,
आणि वेळच छाटला त्यांनी.
गुडघ्याने उरलेलं काम केलं.
आता ती बँकेत असते. तिला नोटा मोजताना बघावं,
अंगठ्यात अजून फिरकी आहे.

गेल्या महिन्यात अचानक केंद्रात आली.
आता दोन टेबलं आहेत, निळी, कुठेच न फुगलेली.
पोरांनी जागा करून दिली.
मी एकोणसत्तर वर्षांचा, सवयीने विचारलं,
"आज कोण होऊ?"
ती बॅट ओढणीला पुसत म्हणाली,
"कुणीच नको. आज तुम्ही खेळा."

सर्व्हिस माझी होती.
नियमाप्रमाणे चेंडू उघड्या तळव्यावर घेतला.
बॅट पेनासारखी धरू की नेहमीसारखी?
नेहमीची कुठली?
ती समोर गुडघा सांभाळत वाकलेली,
तिला कसलीच घाई नव्हती.
कुणीतरी न सांगता पंखा बंद केला.